मूड नसला तरी रोज लिहायचं कसं

मूड आला की लिहू म्हणणारे गावोगाव सापडतात अन् त्यांची वही कोरीच असते. मूड बसल्यावर येतो, आधी नाही.

तर पहिलं काम, वेळ बांधून घ्या. आपल्याकडे खान्देशात मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, दुपारी डोकं काय चालणार भो, म्हणून पहाटेचा अर्धा तास बेस्ट, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पण शेती आहे आणि लाईट कधी दिवसा कधी रात्री, तर घड्याळ सोडा अन् लिहिणं एखाद्या रोजच्या कामाला बांधा. मोटर चालू केली की बांधावर बसून दहा ओळी टाईप करायच्या, नाहीतर बोलून रेकॉर्ड करायच्या. कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, लिहायला वेगळा वेळ कुठून मिळणार होता? दळताना, शेतात राबताना ओव्या सुचल्या, घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यावर.

कोणी म्हणेल साने गुरुजींनी नाशिकच्या जेलात १९३३ मध्ये 'श्यामची आई' पाच दिवसात लिहिलं, मग रोजचं कशाला. अहो पण त्याआधी अमळनेरला मास्तर असताना ते वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे! एवढा हात चाललेला माणूस पाच दिवसात लिहिणारच, आपण आधी रोजचं तर जमवू.

विषय मोठा घेऊ नका. 'माझं गाव' वर लिहायला बसलात की दोन ओळीत संपतं, त्यापेक्षा भरीत पार्टी घ्या, त्यातही फक्त वांगी भाजतानाचा भाग, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ, धुराने चुरचुरणारे डोळे, कोण नुसतं उभं राहून सूचना देतंय वगैरे. हात बांधलेले असले की डोकं उलट जास्त पळतं, असा माझा तरी अनुभव आहे. आणि लिहिताना खोडाखोड नाही, शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी बघू.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे थांबायचं कुठे. संपवून उठू नका. 'वांगी सोलून बडगीत टाकली आणि' (बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं) इथेच वही बंद, पुढचं काय ते तुम्हाला माहितीये म्हणून उद्या कोऱ्या पानाकडे बघत बसायची वेळ येत नाही, सरळ मुसळ हातात घ्यायचं अन् ठेचायला लागायचं.

लग्नसराईत खाडे होणारच. मग दुसऱ्या दिवशी डबल लिहून भरपाई करायला जाऊ नका, त्याच नादात लोक कायमचं सोडतात. तीन ओळी लिहा, तारीख टाका, जेवायला जा.