शेजाऱ्याच्या भूतकाळाची शंका : मुलांच्या काळजीपोटी होणाऱ्या या चुका टाळा

शेजारच्या माणसाने पूर्वी एखाद्या मुलाशी गैरवर्तन केल्याचे कानावर आले, की आईवडिलांची झोप उडते आणि ती उडणे स्वाभाविकच आहे. मात्र त्या भरात ऐकीव नाव आणि छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. २००० साली ब्रिटनमध्ये एका वृत्तपत्राने मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या गुन्हेगारांची नावे छापल्यानंतर पोर्ट्समथमध्ये जमाव रस्त्यावर उतरला आणि निर्दोष कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. वेल्समध्ये तर ‘पीडिएट्रिशियन’ म्हणजे बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरच्या घरावर रंगाने ‘पीडो’ (बालशोषक) अशी शिवी लिहिली गेली. शिवाय गुन्हा घरातल्याच मुलाविरुद्ध घडलेला असेल, तर आरोपीचे नाव फोडताना त्या मुलाचीही ओळख उघडी पडते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. संदेश आधीच पाठवला असल्यास तो काढून टाकावा आणि ही माहिती पडताळलेली नव्हती, असे त्याच गटावर स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक म्हणजे स्वतःच तपास करणे. नावे सारखी असतात, अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि निर्दोष सुटल्याची बातमी अनेकदा छापलीच जात नाही. माहिती मिळवण्याचा मार्गही देशोदेशी निराळा आहे : अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या नोंदी बऱ्याच अंशी सर्वांना पाहता येतात, इंग्लंड आणि वेल्समध्ये पालक पोलिसांकडे विचारणा करतात आणि मुलाच्या संरक्षणासाठी आवश्यक तेवढेच, गुप्त ठेवण्याच्या अटीवर सांगितले जाते, भारतात २०१८ साली सुरू झालेली राष्ट्रीय नोंदवही केवळ तपास यंत्रणांसाठी आहे. नोंदीत नाव नसणे ही मात्र हमी मानू नये, कारण अनेक गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या चुकीची. ‘त्या काकांकडे जायचे नाही’ एवढेच बजावले, की बाकी सगळे सुरक्षित आहेत असा अर्थ मूल लावते. प्रत्यक्षात मुलांचे शोषण करणारे बहुतेक जण त्यांच्या ओळखीचे आणि विश्वासातले असतात. म्हणून नियम माणसावर नव्हे, वागण्यावर बेतावेत : न सांगता कोणाच्याही घरात जायचे नाही, आईबाबांपासून लपवायला सांगितलेली गोष्ट लगेच सांगायची, आणि नको असलेल्या स्पर्शाला नातेवाइकालाही नाही म्हणायचे. हे नियम आजोबा, शिकवणीचे सर आणि शेजारी यांना सारखेच लागू असले, तर कोणाच्या भूतकाळाची वाच्यता करावी लागत नाही.

प्रत्यक्ष काही दिसले, उदाहरणार्थ कोणी मुलाला वारंवार एकटे गाठत असेल किंवा लपवून भेटवस्तू देत असेल, तर खासगीपणाच्या संकोचाने गप्प बसू नये. काय पाहिले ते तारखेसह लिहून ठेवावे, त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नये, आणि मूल काही सांगू लागले तर उत्तर सुचवणारे प्रश्न न विचारता त्याच्याच शब्दांत ऐकावे. भारतात १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे समजल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कळवताना आपण स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले वेगवेगळे सांगावे.