इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला कुठले विषय घ्यायचे आणि ते पुढे कुठे नेतात

मुलं इयर ११ ला गेली की ओळखीतले आईबाबा हमखास विचारतात, सायन्स घेऊ दे का कॉमर्स? इथे सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशा साइडच नसतात हो. जीसीएसई (इयर ११ च्या शेवटी होणारी, आपल्या दहावीसारखी परीक्षा) झाली की साधारण तीन विषय निवडायचे आणि सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इयर १२-१३ अशी दोन वर्षं, तेवढेच करायचे, यांनाच ए लेव्हल म्हणतात, मग मॅथ्स, केमिस्ट्री आणि हिस्टरी एकत्र घेतलं तरी कुणी काही म्हणत नाही. (हे सगळं इंग्लंडचं बरं का, स्कॉटलंडमध्ये हायर्स नावाच्या परीक्षा असतात, ते प्रकरण वेगळं.)

तीनच विषय म्हटल्यावर एक जरी बळंच घेतला तरी महागात पडतो, म्हणून उलटीकडून सुरुवात करा. युकासच्या (युनिव्हर्सिटीचे अर्ज जिथून जातात ती संस्था) साइटवर आवडीचा कोर्स शोधा, तीन-चार युनिव्हर्सिट्यांच्या एंट्री रिक्वायरमेंट्स उघडा आणि नेमका कुठला विषय कंपल्सरी लिहिलाय तेवढंच वहीत उतरवा. बऱ्याच जणांना इथेच धक्का बसतो. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री आणि बायोलॉजी मागतात, फिजिक्स घेतलंच पाहिजे असं नाही, तिसरा विषय सायकॉलॉजी किंवा अगदी फ्रेंच असला तरी खूप ठिकाणी चालतो, फक्त युकॅट ही मेडिसिनची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि युकासचा फॉर्म १५ ऑक्टोबरच्या आत जायला हवा. इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि फिजिक्स, केमिस्ट्री सहसा केमिकलवाल्यांनाच लागते. कम्प्युटर सायन्सला मॅथ्स बघतात, कम्प्युटर सायन्सचा ए लेव्हल नसला तरी बहुतेक ठिकाणी अडत नाही. इकॉनॉमिक्सचंही तेच, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) किंवा केंब्रिजला मॅथ्स हवंच, इकॉनॉमिक्स स्वतः नसलं तरी चालतं. लॉला कुठलाच ठरलेला विषय नाही, पण निबंध लिहायला लावणारा एखादा विषय असला की फायदा होतो, आणि काही ठिकाणी एलनॅट ही लॉची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

म्हणजे पोराचं अजून काहीच ठरलं नसेल तर मॅथ्स आणि केमिस्ट्री या दोघांनी सगळ्यात जास्त दारं उघडी राहतात. पण हे वाचून लगेच मॅथ्स टिकमार्क करू नका, आपल्याकडे तेवढी एक सवय वाईट आहे. जीसीएसईला ६ (सगळ्यात वरचा ग्रेड ९) मिळालेली मुलं ए लेव्हल मॅथ्समध्ये पहिल्या हाफ टर्मलाच (पहिल्या सहा-सात आठवड्यांतच) गटांगळ्या खाताना दिसतात, कारण सर्ड्स, इंडायसेस, कम्प्लीटिंग द स्क्वेअर ही जी मंडळी जीसीएसईच्या पेपरात शेवटच्या पानांवर असतात तीच ए लेव्हलला पहिल्या धड्यात येतात. घरी एक करून बघा, जीसीएसई मॅथ्सच्या हायर टियरच्या (अवघड पातळीच्या) जुन्या पेपरची फक्त शेवटची दोन-तीन पानं सोडवायला द्या आणि मार्क मोजायच्या आधी पोरगं ती करताना कंटाळतंय का इरेला पेटतंय ते बघा. इरेला पेटलं तर फर्दर मॅथ्सचाही (मॅथ्सचाच वेगळा, वरचा ए लेव्हल) विचार करा, वॉरिक, इम्पिरियल, केंब्रिजला मॅथ्स करायचं असेल तर ते सहसा लागतंच. नाहीतर सरळ ज्यात ए येईल तो विषय घ्या. बऱ्याच कोर्सेसची ऑफर (अटीवर दिलेला प्रवेश) ग्रेडवर असते, एएबी म्हणजे एएबी, अवघड विषय घेतला म्हणून बी चा ए करून देत नाहीत.

चौथा ए लेव्हल? फर्दर मॅथ्स सोडलं तर माझ्या मते नको, कारण ऑफर सहसा तिनांवरच येते आणि चौथ्यापायी तिन्ही ग्रेड घसरतात. त्याऐवजी ईपीक्यू करा, स्वतः निवडलेल्या विषयावर साधारण ५००० शब्दांचा रिपोर्ट असतो, अर्ध्या ए लेव्हलएवढे युकासचे पॉइंट्स (ग्रेडवरून मिळणारे, प्रवेशासाठी मोजले जाणारे गुण) मिळतात आणि काही युनिव्हर्सिट्या त्यात चांगला ग्रेड आला तर ऑफर एका ग्रेडने खाली आणतात.

आता ज्याला आपले लोक नाकं मुरडतात ते. टी लेव्हल (कामाशी जोडलेले टेक्निकल कोर्स) २०२० पासून सुरू झालेत, एक टी लेव्हल म्हणजे तीन ए लेव्हल्सच्या बरोबरीचा, आणि त्यात किमान ४५ दिवस खऱ्या कंपनीत किंवा हॉस्पिटलात काम करावं लागतं. डिस्टिंक्शन स्टार आला तर युकासचे १६८ पॉइंट्स, म्हणजे तीन ए-स्टारएवढे. मात्र मेडिसिनसारख्या कोर्सला हा रस्ता बहुतेक बंदच असतो, आणि इतर युनिव्हर्सिट्यांतही सगळ्याच टी लेव्हल घेत नाहीत, त्यामुळे आधी विचारायचं. बीटेक डिप्लोमाचंही तसंच (आपली इंजिनिअरिंगची डिग्री नव्हे, इथला कॉलेज लेव्हलचा कोर्स), त्यातल्या काहींचं सरकारी फंडिंग बंद होत चाललंय, म्हणून तुमच्या वर्षी तो कोर्स चालू आहे ना हे कॉलेजला आधीच विचारून घ्या. यानंतर डिग्री अप्रेंटिसशिपला (नोकरी करता करता डिग्री) जाता येतं, पगारही मिळतो आणि फीही नाही, पण जागा थोड्या आणि अर्ज थेट कंपनीकडे करावा लागतो. ए लेव्हलवालेही तिथेच रांगेत असतात, तेव्हा हा सोपा पर्याय समजू नका.

व्हिसावर असलेल्यांनी हा पॅरा दोनदा वाचा. सिक्स्थ फॉर्म फुकट आहे, युनिव्हर्सिटी नाही. होम फी (इथे स्थायिक असलेल्यांची वर्षाची फी) २०२५-२६ ला ९,५३५ पाउंड होती, ओव्हरसीज फी त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि मेडिसिनला त्याहूनही वर. होम फीसाठी साधारण नियम असा की कोर्स सुरू होतो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला मुलाकडे आयएलआर (इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे कायम राहण्याची परवानगी) हवा आणि त्याआधीची तीन वर्षं यूकेत वास्तव्य हवं. काही अपवाद आहेत, ते यूकेसीआयएसएच्या (परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी संस्था) साइटवर नीट दिलेत. थोडक्यात, आयएलआरची तारीख आणि इयर १३ नंतरचा सप्टेंबर आत्ताच शेजारी शेजारी लिहून बघा. आणि परत पुण्या-मुंबईला जायचं डोक्यात असेल तर मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही घ्या, शिवाय इंडियात ए लेव्हलची एआयूकडून (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) इक्विव्हॅलन्स काढावी लागते.

शाळेचाच सिक्स्थ फॉर्म का वेगळं कॉलेज? केंब्रिजचं हिल्स रोड किंवा विंचेस्टरचं पीटर सायमंड्स अशा मोठ्या कॉलेजांत विषय भरपूर मिळतात पण पाठीमागे लागणारं कुणी नसतं, शाळेत टीचर्स ओळखीचे असतात पण विषय कमी. ओपन इव्हिनिंगला बिल्डिंग बघत फिरू नका, त्या विषयाच्या टीचरला गाठा आणि विचारा, जीसीएसईला ६ घेऊन आलेल्या मुलांना तुमच्याकडे शेवटी काय ग्रेड मिळतात? आणि प्रेडिक्टेड ग्रेड (शाळेने आधीच वर्तवलेला ग्रेड) कशावरून देता, इयर १२ च्या शेवटच्या परीक्षेवरून का अजून कशावरून? कारण युनिव्हर्सिटीची ऑफर त्या प्रेडिक्टेडवरच येते.

ऑगस्टमध्ये जीसीएसईचा रिझल्ट लागला की एनरोलमेंट असते, मॅथ्स किंवा इंग्लिशमध्ये ४ च्या खाली गेलं तर ते सोबत परत करावं लागतं. विषय चुकला असं वाटलं तर सप्टेंबरातच बोला, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जागा असेल तर बदलून देतात, हाफ टर्मनंतर गेलात तर पुढच्या वर्षी परत इयर १२ करा असंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.