दोन माळ, एक फाइल: एनई काढताना मी कुठे आपटलो

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी काळवीट घेतलं. लेंडीतल्या डीएनएवरून त्यांचा एनई काढायचा होता, म्हणजे प्रभावी संख्या: पुढच्या पिढीला जनुकं देणारे जीव हिशेबाला किती धरायचे तो आकडा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या लेंड्या, आणि तिथून बऱ्याच लांबच्या दुसऱ्या एका माळावरच्या. वनखात्याची परवानगी आधी काढा, लेंडीसुद्धा अशीच उचलता येत नाही. लेंडी ओलसर, चकाकणारी घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात ती दुपारपर्यंत खडखडीत होते, मग डीएनए निघायची मारामार.

आता मुद्द्याचं. नमुने कमी पडतील या भीतीने मी दोन्ही माळ एकाच फाइलीत टाकले आणि एलडी पद्धतीने एनई काढला (एलडी म्हणजे दोन जागांवरची जनुकं योगायोगाने दिसावीत त्यापेक्षा जास्त किंवा कमी वेळा एकत्र दिसणं). आकडा 50 च्या खाली आला. फ्रँकलिनचा 1980 चा 50/500 चा नियम (थोड्या काळासाठी एनई निदान 50, लांब पल्ल्यासाठी 500 हवा) पाठ होताच, त्यामुळे धाबंच दणाणलं. गाइड म्हणाले, "इनब्रीडिंग आहे, नात्यातच पैदास होतेय, लिहून टाक." मी लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हे सगळे एकाच कळपातले का?"

कागदावर करून बघा. दोन लोकस, म्हणजे डीएनएवरच्या दोन जागा, घ्या. एका माळावर दोन्ही लोकसवर आपण निवडलेल्या अलीलची (जनुकाच्या एका रूपाची) वारंवारता 0.9, दुसऱ्या माळावर दोन्ही लोकसवर 0.1. प्रत्येक माळावर हे लोकस एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र, म्हणजे एलडी शून्य. आता निम्मेनिम्मे मिसळा. सरासरी दोन्हीकडे 0.5, म्हणून दोन्ही अलील एकत्र असलेले गॅमीट (बीजपेशी) 0.25 हवेत. पण निघतात 0.81 आणि 0.01 ची सरासरी, 0.41. हा 0.16 चा फरक नुसत्या मिसळण्यातून आला. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. त्याच्या लेखी एलडी जास्त म्हणजे आईबाप कमी, की एनई खाली. हेटरोझायगोट (आईबापांकडून वेगवेगळे अलील मिळालेले जीव) कमी दिसणं, म्हणजे वाहलुंड परिणाम, हे याचंच भावंड. मला तेही दिसलं होतं, पण मी त्याचा दोष खराब डीएनएवर ढकलला.

सीनियरची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवू नका. माझी तशीच होती. आधी उपसमूह तपासा, मगच एनई.

माळ वेगळे केल्यावर एकाचं उत्तर 'इन्फिनिट' आलं. घाबरू नका, सगळ्यांचं कधी ना कधी येतं. नमुन्याच्या गोंगाटात जनुकीय विचलनाची (पिढ्यान्‌पिढ्या योगायोगाने होणाऱ्या अलीलच्या चढउताराची) खूण बुडाली, एवढाच त्याचा अर्थ. अंदाजाची खालची मर्यादा तरीही कामाची असते, ती छापा. दोन्ही माळांच्या एनईंची बेरीज करून मात्र 'एकूण' म्हणू नका. जनुकशास्त्रज्ञ राइटच्या बेटांच्या प्रतिमानात, म्हणजे गटांना बेटं मानून केलेल्या हिशेबात, एकूण एनई बेरजेपेक्षा मोठा निघतो, कारण तिथे बेरजेला एक वजा एफएसटीने (गटागटांतला जनुकीय फरक दाखवणाऱ्या 0 ते 1 मधल्या आकड्याने) भागतात. पण ते प्रतिमान सगळी बेटं सारखी धरतं. खऱ्या माळांवर एकाची पाडसं जगतात, दुसऱ्याची नाही, आणि मग एकूण एनई बेरजेच्या खालीही जातो.

आणि नळ्यांवर पेन्सिलीने लिहा. माझ्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसली, अकरा नळ्या कुठल्या माळावरच्या ते कळेना. जनुकांवरूनच माळ ठरवायचा आणि परत त्याच जनुकांवरून एनई काढायचा, हे मला पटलं नाही. अकराही गाळल्या.