‘आऊट ऑफ अवर हेड्स’ कसा ऐकावा: आधी मूळ गाणे, मग रोलिंग स्टोन्स

बंदिश एकच असली तरी गायकी बदलते, हे कोल्हापूरच्या श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी ज्यांना दरबारात आश्रय दिला त्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींनाही मिळाली, तरीही दोघींचे गाणे पहिल्या आलापात वेगळे ओळखता येते. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९६५ सालचा ‘आऊट ऑफ अवर हेड्स’ हा अल्बम याच कानाने ऐकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लंडनच्या या पाच तरुणांनी त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांची सोल (चर्चमधील भक्तिगीते आणि ब्लूज यांतून घडलेली भावपूर्ण गायकी) गाणी आपल्या गिटारवर आणली आहेत, आणि ती मूळ गाणी ठाऊक नसतील तर अल्बमचा निम्मा अर्थ हाती लागत नाही.

सर्वप्रथम आपल्याजवळची आवृत्ती कोणती, हे पाहावे. एकाच नावाचे दोन अल्बम निघाले: अमेरिकेत जुलैमध्ये आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबरमध्ये. दोन्हींत बारा-बारा गाणी आहेत. पण त्यांतील सहाच समान आहेत, आणि ‘सॅटिस्फॅक्शन’ हे सर्वांत गाजलेले गाणे केवळ अमेरिकन आवृत्तीत आहे. आमच्या एका मित्राने हौसेने मागवलेली रेकॉर्ड ब्रिटिश निघाली आणि आपली फसवणूक झाली, असे समजून तो आठवडाभर कष्टी होता. सोलच्या अभ्यासाला मात्र कोणतीही आवृत्ती चालते, कारण ज्या पाच गाण्यांविषयी पुढे लिहिले आहे ती दोन्हींत आहेत.

या पाचांची मूळ ध्वनिमुद्रणे आधी जमवावीत: डॉन कोव्हे यांचे ‘मर्सी मर्सी’, मार्विन गे यांचे ‘हिच हाइक’, ओटिस रेडिंग यांनी गायलेले ‘दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज’ (हे त्यांच्याआधी ओ. व्ही. राइट यांनी गायले होते), सॅम कुक यांचे ‘गुड टाइम्स’ आणि सॉलोमन बर्क यांचे ‘क्राय टू मी’. एका बैठकीत एकच जोडी घ्यावी. मूळ गाणे दोनदा आणि त्यानंतरच स्टोन्सचे. रविवारी सकाळी शाहूपुरीत एका स्नेह्याच्या माडीवर आम्ही असेच बसतो. गाणे तीन मिनिटांच्या आसपास संपते. पण त्यावरचे बोलणे चहाच्या दोन फेऱ्या पुरते.

पहिल्या खेपेस गायकाकडे लक्ष देऊ नये. ड्रम आणि बास ऐकावेत, आणि पितळी वाद्ये कोठे येतात ते टिपावे. लग्नाच्या वरातीतील बँडमुळे ट्रंपेटचा आवाज आपल्या ओळखीचा असतोच. रेडिंग यांच्या गाण्यात आवाज जेथे भरून येतो तेथे ही वाद्ये त्याला खालून उचलून धरतात. स्टोन्सकडे तो ताफा नव्हता, त्यामुळे ते सारे वजन गिटारवर आणि मिक जॅगर यांच्या गळ्यावर येते. माझ्या मते येथे जॅगर कमी पडतात. ‘मर्सी मर्सी’मध्ये मात्र चित्र पालटते. शिकागोच्या चेस स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्यात गिटारला एक खरखरीत धार आहे, आणि जॅगर यांच्या शब्दफेकीवर कोव्हे यांची छाप इतकी स्पष्ट आहे की शिष्याने गुरूची जागा मन लावून घोटावी तसे वाटते. ‘गुड टाइम्स’ नीटनेटके आहे, त्याहून अधिक नाही.

खरी मौज ‘क्राय टू मी’मध्ये आहे. बर्क यांचे १९६२ चे गाणे उडत्या ठेक्यातले आहे. स्टोन्सचे संथ आणि विनवणीचे. हा बदल स्टोन्सनी केला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. या दोहोंच्या मध्ये बेटी हॅरिस यांचे १९६३ चे गाणे ऐकावे: लय तेथेच उतरलेली आहे, आणि स्टोन्स त्या वाटेच्या जवळून चालले आहेत. मूळ आणि नक्कल यांच्यामध्ये असा तिसरा गायक उभा असतो, हे एकदा कानाला समजले की पुढची प्रत्येक जोडी वेगळी ऐकू येते.

शेवटी ‘सॅटिस्फॅक्शन’ लावावे. त्याच्या आरंभीची फझ गिटार, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची गिटार, स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या मनात पितळी वाद्यांच्या जागी होती. तेथे पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोन यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९६५ मध्येच ओटिस रेडिंग यांनी हे गाणे मेम्फिसमध्ये गायले, आणि तो गिटारचा तुकडा तेथे पितळी वाद्यांनीच वाजवला. स्टोन्सचे गाणे संपताच, मध्ये काहीही न बोलता, ते लावावे.