रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर शिफ्ट लेन्स कशी वापरावी

मार्कंड्याच्या देवळाचे शिखर किंवा सिंदखेडराजाच्या वाड्याचा दरवाजा मावत नाही म्हणून कॅमेरा वर उचलला, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा सपाटच ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच बघता येणाऱ्या कॅमेऱ्यात, हे सरकणे डोळ्याला दिसते. रेंजफाइंडरची बघायची खिडकी मात्र लेन्सपासून वेगळी असते, तिच्यातले चित्र तसूभरही हलत नाही. ‘अंदाजाने थोडी वर घ्या’ असे सांगणाऱ्यांना पाया कापलेल्या इमारतींच्या निगेटिव्ह दाखवाव्यात.

खालचे आकडे निकॉनच्या 35 मिमी पीसी-निक्कॉर या शिफ्ट लेन्सचे आहेत. ही लेन्स 1962 पासूनची, तिची कमाल शिफ्ट 11 मिमी. लायका एम माउंटवर, म्हणजे लायका रेंजफाइंडरच्या लेन्स बसवायच्या कड्यावर, ती अडॅप्टरने बसते. निकॉन एफ माउंटचे फ्लँज-अंतर (माउंटपासून फिल्मपर्यंतचे) 46.5 मिमी आणि एमचे 27.8, त्यामुळे अडॅप्टर 18.7 मिमी जाडीचा लागतो. साध्या अडॅप्टरवर लेन्स रेंजफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला, जोडली जात नाही, म्हणून फोकस लेन्सवरच्या आकड्यांनी लावा. छिद्र एफ/11 वर आणि फोकस 10 मीटर लावले की साधारण पावणेतीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते.

बॉडीला लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले चित्र मागच्या पडद्यावर दाखवणारी सोय) असेल तर पडद्यावर बघून फ्रेम लावा आणि पुढचे फ्रेमिंगचे गणित सोडून द्या.

ट्रायपॉड लावा, बबल लेव्हल फ्लॅश-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसवून कॅमेरा दोन्ही दिशांनी सपाट करा. बघायला वेगळा लावायचा बाहेरचा व्ह्यूफाइंडरही त्याच शूवर बसतो, तेव्हा आधी लेव्हल, मग फाइंडर. हा क्रम उलटला तर पुन्हा पहिल्यापासून. शू जरा वाकडा असला तर बबल खोटे बोलतो. गवंड्याचा ओळंबा टांगून एक फोटो काढा आणि दोरी फ्रेमच्या कडेला समांतर येते का ते बघा.

आता फ्रेमिंग. इथेच फिल्म वाया जाते, कारण सगळ्यांचे लक्ष कळसाकडे असते आणि जोते निसटते. आडव्या फ्रेमची उंची 24 मिमी, म्हणजे मध्यापासून खाली 12. त्यातून शिफ्टचे मिलिमीटर वजा करा, इमारतीच्या अंतराने गुणा, 35 ने भागा. लेन्सच्या पातळीखाली किती मीटर दिसेल ते उत्तर. लेन्स दीड मीटर उंचीवर, शिफ्ट 8 आणि अंतर 14 मीटर असेल तर खाली 1.6 मीटर दिसते, पायथा जेमतेम येतो. वर 12 अधिक 8 म्हणजे 20 धरून तेच गणित केले की 8 मीटर, जमिनीपासून साडेनऊ. दुमजली दरवाजाला एवढे पुरते. पूर्ण 11 मिमी सरकवून पायथा हवा असेल तर 52 मीटरपेक्षा जास्त मागे जावे लागेल. गावाबाहेरच्या देवळासमोर मोकळे वावर असते, तिथे जमेल; गल्लीतल्या वाड्यासमोर नाही. म्हणून आधी पायथ्यावरून अंतर ठरवा, शिफ्ट नंतर.

बघायला 35 चा नव्हे, 21 मिमीचा फाइंडर घ्या. 8 मिमी शिफ्टला चित्राची वरची कड त्याच्या वरच्या कडेशी जुळते. रुंदीतला मधला तीन-पंचमांश भाग आपला. खालची कड मध्यरेषेखाली, फाइंडरच्या निम्म्या उंचीच्या एक-पंचमांशावर येते. फाइंडरच्या कडांवर डोळे झाकून विसंबू नका. बेसा आर2 सारखी पाठ पूर्ण उघडणारी बॉडी असेल तर फिल्म भरण्याआधी फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत) उघडे ठेवा आणि उलटे दिसणारे चित्र फाइंडरशी पडताळा.

उभ्या फ्रेममध्ये वर 8 मिमीवर थांबा. त्यापुढे वरचे कोपरे काळवंडू लागतात.

लेन्समधून मोजणारे मीटर असेल तर मोजमाप शिफ्ट शून्यावर असतानाच घ्या. सरकवल्यावर ते चुकते. काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळामागे पांढरे आकाश असेल तर मीटर दगडावरच धरा, नाहीतर कोरीवकाम काळे पडेल.

एफ/11 हातानेच लावायचे, आणि ते आधीच लावून ठेवा. फाइंडरमधून बघताना छिद्र उघडे असण्याची गरज नसते.

वैशाखात विशेष जपा. रेंजफाइंडरला आरसा नसतो, ऊन थेट शटरवर पडते, आणि लायकाच्या फिल्म बॉडीतला कापडी पडदा जळून त्याला बारीक भोक पडू शकते. लेन्स वर सरकवली की सूर्य फ्रेमच्या आणखी जवळ येतो. लेव्हल जुळेपर्यंत लेन्सवर टोपण ठेवा आणि शटर दाबण्याआधी ते काढले का बघा, कारण फाइंडरमध्ये टोपण दिसत नाही.