शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजरचं सिम्युलेशन: बॅलन्स जुळतो, तरी हीट ड्युटी (गरम पाण्याकडून थंड पाण्याकडे जाणारी उष्णता) कमी (सुटलं, माझा अनुभव)

१९ ट्यूब, भोवतीच्या शेलमध्ये (कवचात) ८० अंशांचं पाणी, ट्यूबमध्ये २५ अंशांचं. एलएमटीडीने (दोन्ही टोकांच्या तापमान-फरकांच्या लॉग सरासरीने) हाताने केलेल्या हिशोबात साधारण ६२ किलोवॅट, सिम्युलेशनमध्ये ४८. रेसिड्युअल (समीकरणांमध्ये उरलेली चूक) खाली, गरम-थंड बाजूंचा उष्णतेचा बॅलन्स एक टक्क्याच्या आत. म्हणजे वरवर सगळं ठीक.

मेश (हिशोबाची जाळी) बारीक केली, वाय-प्लस (भिंतीलगतची पहिली सेल किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) १ च्या आसपास आणला, के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल लावलं. फरक जेमतेम एक किलोवॅट. दोन आठवडे टर्ब्युलन्स मॉडेलला शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा दोष नव्हता.

शेवटी प्रत्येक ट्यूबच्या आउटलेटचं तापमान वेगळं काढलं. पाच ट्यूबमधून पाणी २५.० वरच बाहेर! त्या ट्यूबची बाहेरची भिंत आणि शेलचं पाणी यांच्यात शेअर्ड टोपॉलॉजी (दोन्हींचा एकच सामाईक पृष्ठभाग) नव्हती. दोन सुट्या वॉल तयार झाल्या होत्या, आणि सुट्या वॉलचा डीफॉल्ट हीट फ्लक्स शून्य. अॅडियाबॅटिकच की, म्हणजे उष्णता आरपार जातच नाही! बॅलन्स जुळणारच.

मग याच क्रमाने केलं: आधी कॅडमध्ये ट्यूब आणि शेलच्या पाण्यामधली ०.०१ मिमीची फट बुजवली. सगळ्या बॉडी एकाच पार्टमध्ये घेऊन टोपॉलॉजी शेअर केली. मेश नव्याने. नंतर वॉल-शॅडो जोड्या (एकाच सामाईक भिंतीच्या दोन बाजू) मोजल्या: प्रत्येक ट्यूबला आतली एक, बाहेरची एक, म्हणजे ३८ हव्यात (आधी ३३ होत्या, हे मोजायला दोन मिनिटं लागतात). सगळ्यांवर 'कपल्ड' (उष्णता आरपार जाऊ देणारी अट) आहे ना पाहिलं, पुन्हा इनिशियलाइझ केलं आणि आउटलेट तापमान स्थिर होईपर्यंत चालवलं.

६०.८ किलोवॅट.