हिरवा पडदा नसताना व्हिडिओची पार्श्वभूमी बदलताना

समजा, कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या दुकानात चित्रण झालंय आणि मागे रंकाळा तलाव हवाय. दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीत (फुकटच्या आवृत्तीत मॅजिक मास्क, म्हणजे माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळं काढणारं साधन, नाही) रंकाळ्याची क्लिप खालच्या ट्रॅकवर, माणसाची वरच्या ट्रॅकवर ठेवा. कलर पेजवर मॅजिक मास्क उघडा, माणसावर खूण करा आणि पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅक करा, म्हणजे मास्क माणसासोबत सरकेल. मग नोडच्या (रंगकामाच्या टप्प्यांच्या चौकटींच्या) जागेत राइट क्लिक करून अल्फा आउटपुट (मास्कबाहेरचा भाग पारदर्शक करणारी जोडणी) जोडा आणि नोडचा निळा ठिपका त्याला लावा.

खरी कसोटी कडांची. हातातल्या कोल्हापुरीचं चामडं आणि मागचं लाकडी कपाट एकाच रंगाचं असेल, तर चपलेचा गोंडा मास्कमधून गळतो. त्या फ्रेमवर थांबा, गोंड्यावर वेगळी खूण करा, पुन्हा ट्रॅक करा. केसांभोवती जुनी भिंत झिरपत असेल तर मास्क किंचित आत घ्या आणि थोडासाच ब्लर द्या. जास्त दिलात की डोक्याभोवती वलय दिसतं.

उजेड मात्र आधीच बघा. रंकाळा चौपाटीवरून टिपलेल्या सूर्यास्तात प्रकाश पाठीमागून येतो, दुकानात तो समोरून असतो. हे कितीही रंग जुळवले तरी खोटंच वाटतं. त्यापेक्षा ढगाळ सकाळचा रंकाळा घ्या, तोही जरा धूसर करून.